गॅलरी नसलेल्या घराची मुदत

१४ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे कान एकमेकांना जोडून दिल्यावर तुला आता फोन नकोसा झाला आहे, म्हणून लिहितो आहे. पण गोष्ट फोनवर सांगावी इतकी घाईची आहे.

घराचं कर्ज अडलं.

आमची चौथ्या मजल्यावरची भाड्याची खोली तू पाहिली आहेस. दीड वर्षापूर्वी बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि दवाखान्यातून खुर्चीवर बसवून त्यांना वर आणलं. त्यानंतर ते खाली उतरलेले नाहीत. जिना इतका अरुंद आहे की वळणावर खुर्ची उभी धरावी लागते. म्हणून तर नर्सबाईंचं घर पाहिलं. तळमजला, दोन खोल्या, इमारतीच्या मागच्या अंगाला, वाट बोळातून. दाराला एकही पायरी नाही.

काल मी कर्जकंपनीत सांगायला गेलो की बाईंचे कागद एकदाचे तयार झाले, आता पैसे द्या. साहेब म्हणाले, तुमच्या मंजुरीची मुदत १० मार्चला संपली. मी म्हणालो, पत्रावर २८ ऑक्टोबर तारीख आहे आणि मुदत सहा महिने आहे, म्हणजे २८ एप्रिल. ते म्हणाले, ती दुरुस्ती होती, मूळ पत्र १० सप्टेंबरचं. आता नवीन अर्ज करा, नवीन दराने. नवीन दर इतका आहे की माझ्या पगारात घराचा हप्ता बसेल, पण जेवण बसणार नाही.

दोन पत्रं का झाली ते तुला माहीत आहे. कंपनीने घर पाहायला पाठवलेला माणूस बोळात चिखल आहे म्हणून मागे आलाच नाही. पुढचंच घर पाहून गेला, आणि मंजुरीपत्रात 'पुढील बाजूस गॅलरी' असं छापून आलं. मी कळवलं की आमच्या घराला गॅलरी नाही. मग त्यांनी दुसरा माणूस पाठवला, त्याने खरं घर पाहिलं आणि दुसरं पत्र आलं.

नर्सबाई एप्रिलअखेरपर्यंत थांबणार आहेत. त्यानंतर एक टायरवाला ते घर गोदामासाठी घ्यायला तयार आहे. मी काय करू ते कळव.

तुझा भाचा

१८ मार्च

शहाण्या,

आशीर्वाद आहेत असं धरून चाल, प्रत्येक पत्रात लिहिणार नाही.

गॅलरी फुकट मिळत होती आणि तू ती परत केलीस. असा माणूस आपल्या घराण्यात याआधी झालेला नाही. तुझे आजोबा चुकून दुसऱ्याची छत्री घेऊन आले तर पाऊस थांबेपर्यंत ती आपलीच आहे असं मानायचे.

आता तुझे साहेब. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं आहे. तीस वर्षं असलीच माणसं ऐकली. ते 'तांत्रिकदृष्ट्या' म्हणाले असतील. म्हणाले की नाही? हा शब्द वापरणाऱ्या माणसाला आपण लबाडी करतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं, फक्त ती आपल्या अंगाला लागू नये म्हणून तो हातमोजे घालतो. व्याज वाढलं, आणि स्वस्तात दिलेला शब्द त्यांना आता जड झाला, इतकीच ही गोष्ट आहे.

तू त्यांच्यापुढे जाऊन उभा राहू नकोस. उभा राहिलास की तू माफी मागतोस. लहानपणी दारावर डोकं आपटलं तर दाराची माफी मागायचास. लिही. शाळा नववीत सोडलीस तरी तुझं शुद्धलेखन मास्तरांपेक्षा बरं आहे, आणि तेवढं सोडलं तर तुझ्याकडे दुसरं हत्यार नाही. जे तोंडी बोलले ते त्यांना लिहायला लाव.

दादाला काय सांगितलंस? खोटं सांगितलं असशील तर कोणतं, तेही कळव.

आत्या

२१ मार्च

मा. कर्जविभाग अधिकारी यांस,

विषय : मंजुरीपत्राची मुदत

आपण मला समक्ष सांगितले की माझ्या मंजुरीची मुदत १० मार्च रोजी संपली. माझ्याजवळच्या, २८ ऑक्टोबरच्या पत्रात 'या पत्राच्या तारखेपासून सहा महिने' असे छापले आहे. 'या पत्राच्या' म्हणजे या पत्राच्या, असा अर्थ मी घेतला. माझे शिक्षण कमी आहे. दुसरा अर्थ असल्यास कृपया कळवावा.

१० सप्टेंबरच्या पत्रात ज्या घराचे वर्णन आहे ते घर मी विकत घेत नाही, आणि माझ्या विक्रेत्या बाई ते विकत नाहीत. ते पुढे राहणाऱ्या एका गृहस्थांचे आहे. त्यांनी ते विकायला काढल्याचे मी ऐकलेले नाही.

लेखी उत्तराची वाट पाहतो. तसदीबद्दल क्षमस्व.

आपला अर्जदार

२९ मार्च

महोदय,

आपले पत्र पोहोचले. आपल्या भावना आम्ही समजू शकतो.

तांत्रिकदृष्ट्या, एका अर्जदारास कंपनीचा एकच प्रस्ताव असतो. १० सप्टेंबरचा मूळ प्रस्ताव आमच्या दप्तरी आजही पूर्णतः ग्राह्य असून २८ ऑक्टोबरचे पत्र हे केवळ त्यातील वर्णनाची दुरुस्ती होय. दुरुस्तीने मुदत वाढत नाही. ही बाब समजण्यास अवघड वाटल्यास आपण एखाद्या सुशिक्षित परिचिताची मदत घ्यावी.

नवीन अर्जासाठी आमचे दार सदैव उघडे आहे. सोबत माहितीपत्रक जोडले आहे. ते सोप्या भाषेत असून त्यात चित्रेही आहेत.

कर्जविभाग अधिकारी

१ एप्रिल

ती. आत्या,

उत्तराची नक्कल सोबत पाठवतो. 'तांत्रिकदृष्ट्या' आहे, दुसऱ्याच परिच्छेदात.

माहितीपत्रकात खरंच चित्रं आहेत. एक नवरा, एक बायको, दोन मुलं आणि एक कुत्रा. चौघांनी मिळून एकच किल्ली धरली आहे आणि चौघंही तिच्याकडे बघून हसत आहेत. कुत्रा तेवढा दुसरीकडे बघतो आहे. मी ते दुकानात दाखवलं. आमचे मालक दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघतात, त्यांना चेहऱ्यांची पारख आहे. ते म्हणाले, कुत्र्याने कागद वाचलेला दिसतो.

मला रात्री झोप लागत नाही. त्या 'सुशिक्षित परिचिता'वर माझं मन अडकून राहतं. मी त्यांना इतकं नीट लिहिलं होतं.

काल नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी घर बघायला म्हणून नाही, बाबांना बघायला म्हणून एकदा वर यावं अशी मी पूर्वी विनंती केली होती, आणि मागच्या आठवड्यात त्या खरंच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे बघ, मला कोणाचं प्रेम नाही. टायरवाला रोख देतो, तू नमस्कार देतोस. तीस तारखेपर्यंत थांबते ते तुझ्या नमस्कारासाठी नाही. तुझ्या वडिलांची पाठ बघितली मी. कातडी लाल झालीय. असाच माणूस पावसाळाभर खाटेवर ठेवलास तर तिथे जखम होईल, आणि मग तळमजला काय आणि चौथा काय."

मी विचारलं, काही मलम आहे का. त्या म्हणाल्या, "मलम म्हणजे ऊठ-बस. त्याला उन्हात, माणसांत काढ."

बाबांना मी सांगितलं आहे की नव्या घरात रंगकाम चाललं आहे. ते काही बोलले नाहीत. बोलता येतं त्यांना, पण शब्द चावल्यासारखे निघतात आणि ऐकणारा 'काय?' म्हणून विचारतो, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं आहे. डाव्या हाताने खाली बोट दाखवतात आणि माझ्याकडे बघत राहतात.

तुझा भाचा

५ एप्रिल

शहाण्या,

रंगकाम. तुला खोटंसुद्धा धड सुचत नाही. दादाने जन्मभर बस चालवली. आपला थांबा का येत नाही हे त्याला तुझ्याआधी कळतं.

उत्तर वाचलं. असल्या माणसाचा राग येऊ देऊ नकोस, तो तितका मोठा नाही. आमच्या खात्यात एक होता. लोकांची तक्रार आली की आधी त्यांचा उच्चार दुरुस्त करायचा. माणूस शरमला की तक्रार विसरायचा. तुझा साहेब तेच करतो आहे. तुझ्या शाळेवर बोट ठेवलं की तू तारीख विसरशील हे त्याला माहीत आहे, आणि तू खरंच रात्रभर शाळेचाच विचार करत बसलास.

आता नीट वाच. नवीन अर्जावर सही करायची नाही. दरवाजे उघडे असतील, पंखा चालू असेल, थंड पाणी देतील, तरी नाही. सही केलीस की जुनी मुदत संपली हे तूच कबूल केलंस असं होईल. त्याच्या वरच्या माणसाला लिही. आणि मला वेळच्या वेळी कळवत जा.

दादाची पाठ रोज बघ. लाज वाटून घेऊ नकोस, तुझी त्याने बघितली आहे.

आत्या

१० एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र पोहोचलं. इकडे सर्व ठीक आहे. बाबांची तब्येत स्थिर आहे. कंपनीचा विषय योग्य मार्गाने चालू असून तू काळजी करू नये. वरिष्ठांना लिहिण्याची तूर्त आवश्यकता वाटत नाही. हवा चांगली आहे. तुझ्या गुडघ्याची काळजी घे.

तुझा आज्ञाधारक भाचा

१३ एप्रिल

शहाण्या,

'तूर्त आवश्यकता वाटत नाही.' ही भाषा तुझी नाही, त्याची आहे. म्हणजे तू तिथे जाऊन बसला होतास. अक्षरही फार सुबक आलं आहे. घाबरलास की तुझं अक्षर सुधारतं, हे पाचवीत तू काच फोडलीस तेव्हापासून मला माहीत आहे.

काय केलंस ते सरळ लिही. माझ्या गुडघ्याला मधे आणू नकोस.

आत्या

१६ एप्रिल

ती. आत्या,

सही केली.

नऊ तारखेला बाबांच्या पाठीवर एका ठिकाणी कातडी सुटलेली दिसली. पैशाएवढीच जागा होती. मी नर्सबाईंना बोलावलं, त्यांनी पट्टी केली, आणि जाताना एक अक्षर बोलल्या नाहीत. मला तेच सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन कंपनीत गेलो आणि म्हणालो, नवीन दर तर नवीन दर.

तू लिहिलं होतंस तसंच झालं. थंड पाणी दिलं. त्या खोलीत एक प्लास्टिकचं झाड आहे आणि शिपाई त्याची पानं ओल्या फडक्याने पुसतो. साहेब इतके गोड झाले की मला आपणच आजवर त्यांना त्रास दिला असं वाटायला लागलं. म्हणाले, "हे आधीच केलं असतंत तर? आपल्यासारख्या लोकांचं हेच होतं बघा, कागदाला शत्रू समजता." पेन टेबलाला दोरीने बांधलेलं आहे. ते माझ्याकडे पोचत नव्हतं, म्हणून मीच कागदावर वाकून सही केली.

मग ते म्हणाले, पद्धत म्हणून मजकूर वाचून दाखवतो. आणि वाचायला लागले. अर्जदाराचं नाव, पत्ता, "तळमजला, दोन खोल्या, पुढील बाजूस गॅलरी."

मी म्हणालो, "गॅलरी नाही."

ते म्हणाले, "असू द्या हो."

"पण ते घरच वेगळं आहे. मी सप्टेंबरात कळवलं होतं."

"आमच्याकडे मूळ नोंदीवरूनच उतरवून घेतात. नंतर बदलू."

"म्हणजे पुन्हा दुरुस्ती? आणि मुदत आजपासून?"

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शिपायाकडे बघून म्हणाले, "यांना कर्ज हवंय की गॅलरी, तेच कळत नाही." शिपाई हसला. झाड पुसता पुसता हसला.

आत्या, मला काय झालं सांगता येत नाही. मी कागद त्यांच्या हाताखालून ओढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. ते म्हणाले, तो कंपनीचा कागद आहे. मी म्हणालो, सही माझी आहे. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. घरी येऊन तुला ते खोटं पत्र लिहिलं, कारण मी सही केली होती ही गोष्ट ओढून घेतल्यानेही नाहीशी होत नव्हती.

कागद अजून खिशात आहे. चौदा दिवस उरले. त्यांच्या लेखी मी अजून गॅलरीतच राहतो.

तुझा भाचा

१९ एप्रिल

शहाण्या,

कागद फाड. तुकडे दोन नकोत, वीस कर.

सही केलीस त्याबद्दल मला जे वाटतं ते टपालाने पाठवण्यासारखं नाही. ओढून घेतलास त्याबद्दल काही वाटून घ्यावं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण तुझ्या शेवटच्या ओळीवर मी दुपारभर बसले. आठ महिने झाले, दोनदा माणूस आला, तू चार वेळा लिहिलंस, आणि तरी त्यांच्या दप्तरात तारण आहे ते गॅलरीचंच घर. आणि त्या शहाण्या साहेबाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं आहे की मूळ प्रस्ताव 'आजही पूर्णतः ग्राह्य' आहे. तुझी मुदत मारायच्या नादात त्याने कोणाचं घर हातात धरलं आहे ते त्याला दिसलेलं नाही.

तू साहेबाकडे जाऊ नकोस. त्याच्या वरच्याकडेही नको. ज्याची गॅलरी आहे त्याच्याकडे जा. ते पत्र घेऊन जा आणि फक्त वाचून दाखव. तुला भीती वाटेल. वाटू दे, त्यामुळे तुझा आवाज खरा येईल.

आत्या

२३ एप्रिल

ती. आत्या,

गॅलरीवाल्यांकडे गेलो.

ते कोण ते आधी सांगतो. निवृत्त आहेत. कशातून, ते कोणाला माहीत नाही, पण सगळ्यांना वाटतं की मोठ्या जागेवरून. गॅलरीत कुंड्या आहेत, त्यांचं पाणी बोळाच्या तोंडावर वाहतं आणि मागे जाणाऱ्यांच्या पायांखाली चिखल होतो. मागे राहणाऱ्यांना ते 'मागचे' म्हणतात. नर्सबाई वीस वर्षं शेजारी आहेत, त्याही 'मागची बाई'च.

मी गेलो तेव्हा ते झाडांना पाणी घालत होते.

"कोण?"

"मागचं घर घेणार आहे तो मी."

"मागच्यांची वाट बोळातून आहे."

"मागच्या घरासाठी नाही आलो. तुमच्या घरासाठी आलो."

"माझ्या घराचं तुला काय?"

"ते तारण आहे. माझ्या कर्जाला."

त्यांची झारी तशीच वाकडी राहिली आणि पाणी त्यांच्याच चपलेवर पडायला लागलं. ते म्हणाले, "काय करतोस तू?"

"चष्म्याच्या काचा घासतो."

"आणि माझं घर गहाण टाकतोस."

"मी नाही टाकलं. कंपनीने टाकलं. मी सप्टेंबरपासून नको म्हणतो आहे."

मग मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, दोनदा. मला वाटलं आता बोळात ढकलतील. त्यांनी मला आत बोलावलं आणि पायपुसण्यावर उभं केलं. खुर्ची दिली नाही. म्हणाले, त्यांच्या मुलाने दुकानासाठी याच घरावर कर्ज मागितलं होतं, दुसऱ्या ठिकाणी. दोन महिने नुसते फिरवत आहेत, कारण सांगत नाहीत. मुलगा काहीतरी लपवतो आहे असं समजून यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे.

दुसऱ्या दिवशी ते नोंदणी कार्यालयात गेले. त्यांच्या घरावर आमच्या कंपनीची नोंद सप्टेंबरपासून बसलेली आहे. दुसरं पत्र काढलं, पण पहिली नोंद कोणी उठवलीच नाही.

काल ते मला घेऊन कंपनीत गेले. रस्त्यात एकच वाक्य बोलले, "तू तोंड उघडायचं नाहीस." पाणी आलं, त्यांनी घेतलं नाही. साहेबांनी सुरुवात केली, "तांत्रिकदृष्ट्या..."

"सही तुमची आहे का?"

"हो, पण—"

"मूळ प्रस्ताव आजही पूर्णतः ग्राह्य. म्हणजे माझं घर तुमच्याकडे तारण आहे. माझी सही दाखवा."

"नाही, तो प्रस्ताव मुळातच चुकीच्या घराचा होता, त्यामुळे तो—"

"मग तसं लिहा."

साहेबांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल. पहिला प्रस्ताव मुळातच रद्द असं लिहिलं, की उरतो फक्त दुसरा, आणि दुसऱ्याची मुदत अजून संपलेली नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावर येताना मला दिसलं, काचेवर वाफ धरते तसं हळूहळू. मग आतून त्यांचे वरचे साहेब आले. गॅलरीवाल्यांनी त्यांना वकिलाचं नाव सांगितलं. वरच्यांनी आमच्यासमोर साहेबांना विचारलं, "हे घर बघायला कोण गेलं होतं?" साहेब म्हणाले, बोळात चिखल होता.

मला त्यांची दया यायला हवी होती. मी थोडा वेळ वाट पाहिली. आली नाही.

बाहेर आल्यावर मी गॅलरीवाल्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "तुझ्यासाठी नाही गेलो. आणि उद्यापासून बोळातूनच जायचं."

कंपनीचं पत्र अजून हातात आलेलं नाही. बाबांची जखम वाढलेली नाही, पण भरलीही नाही.

तुझा भाचा

२५ एप्रिल

महोदय,

१० सप्टेंबर रोजीचा प्रस्ताव चुकीच्या मालमत्तेच्या वर्णनामुळे प्रारंभापासूनच रद्दबातल समजण्यात येत असून त्याची नोंद उठविण्याची कार्यवाही सुरू आहे. २८ ऑक्टोबर रोजीचा प्रस्ताव हा स्वतंत्र प्रस्ताव असून तो मूळ दराने २८ एप्रिलपर्यंत ग्राह्य आहे. आपण २७ तारखेस सकाळी विक्रेत्या बाईंसह उपस्थित राहावे.

आपल्या सोयीसाठी कंपनी सदैव तत्पर असते.

कर्जविभाग अधिकारी

(सोबत : ग्राहक समाधान पत्रिका. कृपया योग्य त्या हसऱ्या चेहऱ्यावर खूण करावी.)

४ मे

ती. आत्या,

घर झालं. २७ तारखेला सह्या झाल्या. सही करण्याआधी मी वर्णन तीनदा वाचलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. नर्सबाई त्यांना म्हणाल्या, "बघू द्या हो त्याला, तुम्ही कुठे बघता?" पैसे मोजून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी लेकीकडे निघून गेल्या. जाताना पट्ट्यांची पिशवी आमच्यासाठी ठेवली, वर चिठ्ठी : रोज बदल, आळस करू नकोस.

समाधान पत्रिकेत पाच चेहरे आहेत. सगळे थोडेफार हसतात, सर्वांत शेवटचासुद्धा. मी ती परत पाठवलेली नाही.

परवा बाबांना खाली आणलं. दोन हमाल केले होते. प्रत्येक वळणावर खुर्ची उभी धरली, बाबांनी डोळे मिटून घेतले होते आणि डाव्या हाताने माझी कॉलर धरली होती. गुंडी तुटली. खाली आल्यावर उन्हात बराच वेळ डोळे उघडेनात.

आज सकाळची गोष्ट सांगायची म्हणून लिहायला बसलो. मी बाबांना दारात खुर्चीवर बसवून दूध आणायला गेलो. परत येतो तर बोळात आवाज. गॅलरीवाल्यांनी आपली स्कूटर आमच्या दारासमोर बोळात आडवी लावली होती, त्यांच्या मते ती तिथेच वीस वर्षं लागते. ते हातात किल्ली घेऊन उभे होते, आणि बाबा बोलत होते. आत्या, बाबा ओरडून बोलत होते.

"ही गाडी लावलीय की पडलीय?" असं म्हणत होते. गॅलरीवाल्यांना पहिल्यांदा समजलं नाही, त्यांनी 'काय?' म्हणून विचारलं. मी घाबरलो, वाटलं आता हे गप्प होतील. बाबांनी तेच पुन्हा म्हटलं, अजून मोठ्याने, एकेक शब्द सोडवून सोडवून. मग म्हणाले, बारा मीटरची बस याहून कमी जागेत लावायचो, आणि तुम्हाला एवढंसं यंत्र सरळ लावता येत नाही. अर्धे शब्द मोडके होते, पण समोरच्याची किती किंमत ठेवली आहे ते बोळाच्या दुसऱ्या टोकाला कळलं असतं.

गॅलरीवाले म्हणाले, "मी तुमच्यासाठी त्या कंपनीत गेलो होतो, माहीत आहे का?"

बाबा म्हणाले, "घर तुमचं अडकलं म्हणून गेलात."

त्यांनी स्कूटर काढली नाही. बाबांनीही दार सोडलं नाही. जेवायला आत चला म्हटलं तर म्हणाले, इथेच आण. अजून तिथेच बसले आहेत, आणि स्कूटरकडे बघत आहेत.

मला फार संकोच होतो आहे. ते कसेही असले तरी त्यांच्यामुळे आपलं काम झालं, आणि आता जन्माचे शेजारी आहेत. एखाद्या संध्याकाळी जाऊन मी बाबांच्या वतीने माफी मागावी असं म्हणतो. काय लिहून न्यावं ते कळव, नाहीतर मी आपल्या मनाने दोन ओळी लिहितो.

तुझा भाचा

७ मे

शहाण्या,

हे पत्र पोहोचेपर्यंत तू गेला नसशील तर जाऊ नकोस. गेला असशील तर मला सांगू नकोस.

दीड वर्षांनी दादाला तुच्छ लेखायला कोणीतरी मिळालं आहे. ते मिटवू नकोस. स्कूटर तिथेच राहू दे, त्यांनी काढली तर मलाच येऊन पुन्हा लावावी लागेल.

यापुढे दादा त्यांना जे म्हणेल ते शब्द न् शब्द लिही. शुद्धलेखन करू नकोस त्याचं, जसं बोलेल तसंच उतरव.

आत्या